बांधाकडच्या दोन ओळी

यंदा भोरड्या आठ दिवस आधीच आल्या.

मी मुलींकडून तेराचा पाढा म्हणवून घेत होते. ‘तेरा पंचे पासष्ट’पर्यंत गाडी नीट आली आणि शाळेच्या पत्र्यावरून सर्रकन एक सावली गेली. ढग म्हणावा तर पौषातलं लख्ख ऊन पडलेलं. एकवीस मुली, एकवीस माना, सगळ्या एकदम खिडकीकडं. “बाई, भोरड्या!” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि तेराचा पाढा तिथंच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी शाळेत मी एकटी. मी आणि भिंतीवरचा नकाशा.

ज्यांनी भोरडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. अंगात गुलाबी पोलकं, वर काळा पदर, डोक्यावर तुरा. एखादी सुटी दिसली तर वाटावं, काय लाजाळू नवरी आहे. पण ती सुटी येतच नाही. येते ती वऱ्हाड घेऊन, आणि पंगतीला बसली की वऱ्हाडासारखीच उठायचं नाव घेत नाही. ज्वारी हुरड्यात आली, कणसात दूध भरलं, की हजार-पाचशेचा थवा उतरतो, आणि माणूस घरी जाऊन भाकरी खाऊन येईपर्यंत कणसांची नुसती बोंडकं शिल्लक राहतात. म्हणून या दिवसांत आमच्या गावची माणसं शेतात चार लाकडं रोवून उंच माळा बांधतात. त्यावर एकानं उभं राहायचं, हातात गोफण घ्यायची, आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत ओरडायचं. राखण म्हणतात तिला. बाप्ये दुसऱ्या कामाला असतात, म्हणून माळ्यावर बहुधा बायका आणि पोरी.

ओरडणं हा माझा प्रांत. तेरच्या बाजाराला निघालेली बैलगाडी मी शाळेच्या ओट्यावरून थांबवते. मोटार सुटायच्या आधी ड्रायव्हर विचारतो, “बाईंचा आवाज आला का? न्हाय ना? मग बाई अजून घरीच हायेत, थांबा.” लहानपणी आमचे वडील म्हणायचे, “हिच्या नरड्यात तुळजापूरचं संबळ बसवलंय.” वडील पटवाऱ्याकडं लिहायला जायचे. निजामाचा काळ, दप्तर सगळं उर्दूत. त्यांनी मला मराठी आणि उर्दू दोन्ही अक्षरं घरीच शिकवली. पोरीला बसल्या जागी काहीतरी काम दिलं तर घरात जरा शांतता राहील, एवढाच त्यांचा हेतू असावा. तो काही साधला नाही. मी दोन भाषांत ओरडायला लागले.

तर असा हा आवाज. तो एका वर्षी तीन महिने माझ्याजवळ नव्हता. भोरड्या आल्या की मला ते वर्ष आठवतं.

*

निजाम जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. माझं वय चोवीस. सासर ढोकीच्या बाजूला. मला एक मुलगी होती, शेवंता. शेवू. तिसरं वर्ष सरत आलेलं. दसऱ्यानंतर तिला ताप भरला, आणि तापात तिला आवाज सोसेना. भांडं पडलं तरी दचकून रडायची, रडून पुन्हा ताप चढायचा. मग मी घरभर पहारा ठेवला. कडीला चिंधी बांधली. कोंबड्या शेजारी नेऊन दिल्या. सासूबाईंना, दिरांना, आल्यागेल्याला, सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून सांगायची, “हळू बोला. पोर झोपलीय.” अकरा दिवस मी असं बोलले. बाराव्या दिवशी मी हेच म्हणत होते, आणि सासूबाई माझा हात धरून म्हणाल्या, “आता कुणी मोठ्यानं बोललं तरी चालंल गं.”

ते मला ऐकू आलं, पण आत पोचलं नाही. मी हळूच बोलत राहिले. हळू म्हणजे इतकं, की समोरच्यानं कान पुढं करावा. पंधरा दिवसांनी नवरा म्हणाला, “चार दिवस माहेरी राहून ये, जिवाला बरं वाटंल.” मी आले. ते चार दिवस अजून संपायचे आहेत. सतरा वर्षं झाली. मधल्या काळात त्यांच्या घरी दुसरी आली, तिला मुलं झाली, त्यातल्या एकाच्या बारशाचं आवतण चुकून आमच्याच दारात आलं. मी ते वाचून दाखवलं. अक्षर चांगलं होतं.

माहेरी वडील नव्हते. दादा होता, वैनी होती, दोन मुलं होती, आणि तिसरं वैनीच्या पोटात, सातवा महिना. मागच्या साली पीक बुडालेलं, म्हणून दादा उस्मानाबादच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचा. घरची ज्वारी साडेतीन एकर. ती हाती आली तर वर्षभर भाकरी, नाहीतर नाही. इतका सरळ हिशेब. वैनीला त्या दिवसांत माळ्यावर चढवणार कोण? राहिले मी.

“इंदे,” दादा म्हणाला, “तुझ्या नरड्याचा कधी नव्हं ते उपयोग हाय बघ. जा माळ्यावर. भोरडी इकडं फिरकायची न्हाय.”

मी माळ्यावर चढले. गोफण घेतली. थवा आला. आणि मी त्याच्याकडं बघत उभी राहिले.

आता इथं माझी चूक सांगते. लोक हसतील, हसू द्या. मीही पुष्कळदा हसले आहे. आमच्याकडं एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्याचा दहावा नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. मोठं माणूस गेलं की कावळा शिवतो, म्हणजे त्याच्यापर्यंत घास पोचला असं आपण मानतो. लेकराला कोण पोचवणार? माझ्या डोक्यात हे दोन महिने फिरत होतं. आणि शेजारच्या माळ्यांवरच्या आरोळ्यांनी थवा पुढं सरकला, पण त्यातल्या आठ-दहा भोरड्या माळ्याच्या अगदी पुढ्यात, बांधाकडच्या ओळींत उतरल्या. त्यातली एक कणसावर उलटी लटकून दूध ओढत होती, दोन्ही डोळे मिटून. मी गोफण खाली ठेवली. मनात म्हणाले, खा बाई. सावकाश खा. मोठ्यानं कुणी बोलणार नाही.

चौथ्या दिवशी दादा दुपारीच परतला, खडीचं काम बंद होतं म्हणून. बांधावर उभा राहून त्यानं ओळी बघितल्या. दोन ओळी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती बोंडकं, आणि तिसरीला सुरुवात.

“दगड झालीस का गं तू? पाखरं खायलेत अन् तू बघायलीस?”

मी काहीतरी बोलले. ते त्याला ऐकूच गेलं नाही.

“काय पुटपुटायलीस? म्या तिकडं दिवसभर हातोडा हाणायलोय, ही दोन पोरं अन् येणारं तिसरं काय खातील? दगडं? तुला हितं जमत न्हाय तर तसं सांग. तुझ्या सासरी जातो, पाय धरतो त्यांचे. ठिवून घ्या म्हणतो. आठ दिवस बघतो अन् जातो.”

दादा वाईट माणूस नव्हता. हातांची सालटी निघालेला माणूस होता. पण तो बोलला ते करणारा होता, आणि सासरी दुसऱ्या बाईची बोलणी चालू झाली आहेत हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

चुलीपाशी वैनीनं विचारलं, “वन्सं, खरं सांगा, का हाकलत न्हाईत हो?”

मी तिच्या कानाशी म्हणाले, “लेकराला पिंड नसतो ना वैनी. मग शेवू जेवायची कुणाच्या चोचीनं?”

वैनीनं तव्यावरची भाकरी करपू दिली. 

*

आमच्या बांधापलीकडं आमिनाबीचं दीड एकर. साठीची बाई, एकटी. नवरा कधीच गेलेला. एकुलता मुलगा करीम निजाम गेला त्या गडबडीच्या साली घरातून गेला तो परत आला नव्हता. गाव म्हणे हैदराबादला गेला. कुणी विचारलं तर तीही म्हणायची, “हौ, हैदराबादकू.” तिचा माळा माझ्या माळ्यापासून दोन गोफणखड्यांवर. ओरडण्यात ती माझी गुरू शोभली असती. भोरड्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार ती असा करायची की आजूबाजूच्या माळ्यांवरच्या बायका पदरानं तोंड झाकून घ्यायच्या.

दादानं मला झाडलं ते तिनं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं नुकती आली होती, तिची हाक आली.

“ओ इंदा! गूंगी हुई क्या गे? मुकी झाली?”

मी मान हलवली.

“तेरेकू उर्दू लिखना आता ना? तेरे बाप ने सिखाया था?”

मी मान हलवली.

“तो उद्या वही-पेन्सिल लेको आ. करीम को खत लिखना है.”

मला वाटलं, संध्याकाळी तिच्या अंगणात बसून लिहायचं असेल. छे. आमिनाबीनं दुसऱ्या दिवशी आपल्या माळ्यावर उभं राहून, कमरेवर हात ठेवून, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात मुलाला पत्र सांगायला सुरुवात केली.

“लिख! बेटा करीम! इधर सब खैरियत है!”

तिच्या शेतातून थवा उठला तो माझ्या शेतात आला.

“बकरी जनी! दो बच्चे! एक काला है, तेरे सरीका!”

पलीकडच्या माळ्यावरून ठकूबाई ओरडली, “आमिनाबी, करीमला आमचा बी रामराम घाला! अन् म्हणावं येताना बांगड्या आण!”

“तू चुप गे! मेरा खत है! इंदा, बांगड्या नक्को लिख!”

मी वडिलांच्या जुन्या वहीत भराभर लिहीत होते. उर्दू कितीतरी वर्षांनी हातात घेतली होती, अक्षरं गुडघ्यावर रांगत होती. वारा आमच्याकडून तिच्याकडं वाहत होता. पुढचं वाक्य आलं, त्यातला फक्त ‘चप्पल’ एवढा शब्द कळला. मी हातानं विचारलं, काय? तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा वाऱ्यानं नेलं. मी पुन्हा हात केला. तर ही बाई माझ्याकडं पाठ फिरवून तिकडच्या दिशेनं सांगायला लागली! मला एक अक्षर ऐकू येईना. पत्र मुलाला जाणार होतं. त्यातलं एक वाक्य माझ्यापायी गळणार होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं:

“काऽऽय म्हणालात?”

माझ्या शेतातली झाडून सगळी भोरडी उठली. पायांखालचा माळा हलला असं वाटलं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि खाली बघितलं. पोर उठली असेल, रडेल, म्हणून. खाली कुणी नव्हतं. ज्वारी होती. वाऱ्यानं थोडी हलत होती. कुणी रडलं नाही. तेव्हा मला कळलं की शेवू नाही.

मग मीच रडले. संबळासारखी रडले, सगळ्या शिवारानं ऐकलं.  आमिनाबीनं मला पुरेसं रडू दिलं, मग शांतपणे, पण मोठ्यानं, राहिलेलं वाक्य पुन्हा सांगितलं.

“लिख! तेरे नवे चप्पल मैं तेल लगाको रक्खी! तू आता तबतक नरम होते!”

करीमला नव्या चपला चावत होत्या, म्हणून तो जुन्या घालून गेला होता. नव्या ती दर जुम्म्याला तेल लावून दारात ठेवायची.

*

त्यानंतर महिनाभर रोज पत्र. शिवारात तो एक तमाशाच झाला. कुणाच्या शेळीनं कुणाचं कुंपण खाल्लं, सरपंच कसा चालतो, तेरच्या बाजारात वांगी कशी किडकी मिळाली, सगळं करीमला कळवलं गेलं. वारा असो नसो, दर दुसऱ्या वाक्याला मला ओरडून विचारावं लागायचं. कधीकधी वाटायचं, ही मुद्दाम पुटपुटते. विचारलं तर म्हणायची, “बुढ्ढी हुई ना गे. आवाज बैठ गया.” आणि दुसऱ्याच क्षणी भोरड्यांवर अशी कडाडायची की माझ्या हातातली पेन्सिल मोडावी.

आठ दिवसांनी दादा ज्वारी बघायला आला. सासरचा विषय त्यानं काढला नाही. नंतरही काढला नाही. माझ्या आवाजाबद्दल मात्र म्हणाला, “बया! रस्त्यापर्यंत ऐकू येतंय. मुकादम विचारत व्हता, कुणाचं भांडण लागलंय म्हणून.”

माघात ज्वारी काढली. दोन ओळी वजा जाता सगळी खळ्यावर आली. वैनीला मुलगा झाला. मी पत्रांची चळत नीट दोऱ्यानं बांधली, हात धुतले, चांगलं लुगडं नेसले आणि आमिनाबीच्या खळ्यावर गेले. ती सुपानं ज्वारी वारवत होती.

“चाची, सगळी झाली. अठ्ठावीस आहेत. आता पत्ता सांगा, म्हणजे दादा उस्मानाबादला जाईल तेव्हा टपालात टाकील.”

तिनं सूप थांबवलं नाही. भुसा उडत होता, दाणे पडत होते.

“पता रहता तो मैं चलको नै जाती क्या गे?”

मी पत्रांची चळत पदराखाली घेतली.

“तेर के बाजारकू गया था,” ती म्हणाली. तिचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “मिरची लेको. शाम को आता बोला.”

तेर आमच्या गावापासून कोसभर.

पत्रं परत द्यायला मी हात पुढं केला, तर तिनं ती माझ्याकडंच लोटली. “तेरे पास रख. मेरेकू कहाँ पढ़ना आता?” मग सूप पुन्हा हलवायला लागली. “और चुप मत बैठ. तू चुप बैठी तो मेरेकू डर लगता.”

*

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. नव्या सरकारनं गावोगाव शाळा काढल्या. आमच्या गावी मुलींना शिकवायला बाई मिळेना. मला दोन अक्षरं येत होती आणि दादाच्या घरात मी सहावं ताट होते. दोन वर्षं कंदिलाच्या काचेला काजळी धरेपर्यंत अभ्यास केला आणि उस्मानाबादला परीक्षेला बसले. तोंडी परीक्षेत एक गृहस्थ म्हणाले, “जरा मोठ्यानं वाचा.” बिचाऱ्यांना काय ठाऊक! मी वाचलं. बाहेरच्या व्हरांड्यात शिपायाच्या हातून चहाची बशी पडली. मी पास झाले.

पण शाळा मिळाली तरी भोरडी कुठं सुटते? पौष आला की मुली माळ्यावर. पहिल्या वर्षी मी आयाबापांशी भांडले. दुसऱ्या वर्षी रिकाम्या बाकांकडं बघत बसले. तिसऱ्या वर्षी वही उचलली आणि शिवारात गेले. मधल्या बांधावर उभं राहायचं, आवाज मोकळा सोडायचा. “लिहा गं! तेरा सक!” आणि चहूबाजूंच्या माळ्यांवरून उत्तर येतं, “अठ्ठ्याहत्तऽऽर!” ज्या शेतातून चुकीचं उत्तर येतं त्या शेतातलीसुद्धा पाखरं उडतात, हा फायदा चार भिंतींच्या शाळेत नाही.

परवा तपासणीचे नवे साहेब आले. शाळेला कडी. ते आरोळ्यांच्या रोखानं चालत पाटाच्या चिखलातून बांधावर पोचले, हातात बूट.

“बाई, हे काय चाललंय?”

“पत्रलेखन, साहेब.”

“असं? ओरडून?”

“ऐका तरी.”

मी ओरडले, “सुरुवात करा! इकडील सर्व क्षेम आहे!” वह्यांवर पेन्सिली चालल्या. पुढचं ज्याचं त्यानं लिहायचं असतं. एकीनं विचारलं, बाई, शेळी व्याली ते लिहू का? लिही म्हटलं.

साहेबांनी जवळच्या माळ्यावरची वही मागून घेतली, उलटून पाहिली. “वर पत्ता नाही. कुणाला लिहायचं हे मुलींना नको का माहीत?”

“पत्ता आमच्याकडं शेवटी घालतात,” मी म्हणाले. “सापडला तर.”

साहेबांनी वही मुलीला परत दिली. मग बूट घालून गेले. शेऱ्यात काय लिहिलं ते अजून आलेलं नाही.

आमिनाबी तीन वर्षांपूर्वी गेली. चपला दारात होत्या, मऊसूत, पुन्हा कुणी न घातलेल्या. मी त्या आणि अठ्ठावीस पत्रं एकाच पेटीत ठेवली आहेत. पेटी उघडली की तेलाचा वास येतो.

आणि त्या दोन ओळी. त्याच्या पुढच्या साली राखणीच्या पहिल्या दिवशी मी माळ्यावर चढले तेव्हा दादा खाली गोफणीची दोरी तपासत होता. वर न बघता म्हणाला, “बांधाकडच्या दोन ओळी राखू नको.” वैनीनं त्याला कधी सांगितलं, काय शब्दांत सांगितलं, मी विचारलं नाही. दरसाल तो तेवढ्या ओळी सोडतो. भोरड्यांनाही आता ठाऊक झाल्यासारखं वाटतं. थवा आला की आठ-दहा जणी सरळ तिकडं उतरतात.

शिवारातून शाळा घेत घेत मी सगळीकडं ओरडत हिंडते. त्या बांधापाशी आले की माझा आवाज आपोआप खाली येतो. मुलींना कारण माहीत नाही. त्यांना वाटतं, हा शाळेचाच नियम आहे. माझ्यामागून येणाऱ्या पोरी ओठांवर बोट ठेवतात, एकमेकींना खुणावतात, आणि आम्ही सगळ्या त्या दोन ओळींवरून हळूच पुढं जातो.